सहाशे दहा पावलं

जोंधळे मास्तर माणसाला ‘जरा सरका’ असं कधी म्हणाला नाही. ‘मारोतराव, वायव्येला व्हा,’ म्हणायचा. आता वायव्य कुठं असते हे मला काय ठाऊक? माझी शाळा चौथीत सुटली. मी बसल्या जागी चुळबुळ करायचो, कधी इकडं, कधी तिकडं, आणि मास्तर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मी बरोबर बाजूला सरकलो की मगच खाली टेकायचा. ओटा माझा, घर माझं, आणि सरकायचं मीच.

पंगतीत बसला की वाढणाऱ्याला सांगायचा, ‘बाबा, माझ्या पत्रावळीच्या आग्नेयेला मीठ पडलं न्हाई.’ वाढणारा मिठाचं भांडं घेऊन त्याच्याभोवती फिरत बसायचा. एकदा न्हाव्याला म्हणाला, ‘पश्चिमेची मिशी थोडी कमी कर.’ न्हाव्यानं उजेडासाठी त्याला पाटासकट फिरवलं आणि मग पश्चिमेची मिशी कापली. पुढं महिनाभर मास्तर एका मिशीनं पुरता आणि एका मिशीनं अर्धा हिंडत होता. चिडला का? अजिबात नाही. उलट न्हाव्याची पाठ थोपटली. ‘दिशा तू बरोबर धरलीस. चूक माझी हाय, मी फिरलो,’ म्हणाला.

गावानं त्याला ‘चारदिशा मास्तर’ नाव ठेवलं. त्यावरही त्याची तकरार होतीच. ‘चार न्हाई, आठ,’ म्हणायचा.

मला त्याचा लय राग यायचा. सरळ सांगतो, कारण गोड बोलायची मला सवय नाही आणि आता शिकून उपयोग नाही. राग अजून आहे. फक्त कुणाचा, ते बदललं.

मास्तर पाथरीकडचा. आमच्या शाळेत भूगोल शिकवायला आला, तो एकटाच. बायको नाही, लेकरू नाही. एक वळकटी, एक छत्री आणि पत्र्याची पेटी. शाळेत कुणी जागा दिली नाही म्हणून मी पुढची खोली दिली. म्हणजे मी कुठली देतोय, आमच्या घरच्या मंडळीनं दिली. ती म्हणाली, ‘एकटं माणूस हाय, आपल्या दोन्ही पोरी नांदायला गेल्यात, खोली रिकामीच हाय की.’

तिचं नाव गया. ती होती तोवर मी तिचं नाव कधी घेतलं नाही. ‘ऐकलं का’ म्हणायचो. आता घेतो. आता ऐकायला कुणी नाही.

आल्या आल्या मास्तरनं माझ्या अंगणात एक काठी रोवली. रोज दुपारी पोरं घेऊन यायचा आणि तिच्या सावलीच्या टोकावर खडे मांडायचा. एक दिवस मी ती काठी उपटून शेळी बांधायला नेली. मास्तर शाळेतून आला आणि अंगणात उभा राहून ओरडला, ‘मारोतराव, तुमी माझा सूर्य उपटलात!’

गया चुलीपुढं होती. तिला असं हसू लोटलं की भाकरी करपली. तिनं स्वतः येऊन काठी पुन्हा रोवली, दगडानं ठोकून. पुढं तर तिला नादच लागला. सावली कोणत्या खड्यावर आली की भाकरी टाकायची, कोणत्या खड्यावर आली की शेतात माझी न्याहारी पोचली पाहिजे, हे ती काठीला विचारायला लागली. मला वाटायचं, घरात एक वेडं आलं तर दुसरं तयार व्हायलंय.

शाळेत तर मास्तरनं तमाशाच मांडला होता. पुस्तक उघडायचाच नाही. त्याचा एकच मंत्र. ‘पायानं मोजा रे, तोंडानं नको.’ शाळेच्या मैदानावर त्यानं पोरांकडून गोदावरी बांधून घेतली. मुरूम, काळी माती, चिखल, सगळं पोरांनी घरून आणलं. एका कोपऱ्यात नाशिक, मध्ये पैठण, मग आपला परभणी जिल्हा, आणि पार बोरीच्या झुडपापाशी समुद्र. पोरांनी नाशकातून बादलीनं पाणी सोडलं. पाणी आलं पैठणपर्यंत, आणि तिथं सरपंचाची म्हैस येऊन बसली. गारवा बघून बसली, तिला काय? पाणी तुंबलं, काठावरची खेडी वाहून गेली, पोरांनी एकच कालवा केला. मास्तरनं म्हशीला हाकललं नाही. ‘बघा पोरांनो,’ म्हणाला, ‘धरण असं असतं. हाकलायची न्हाई तिला. कोणाची शेतं बुडाली ते आधी लिहून घ्या.’

हे सरपंचाच्या कानावर गेलं. त्याला वाटलं, मास्तरनं म्हशीआडून त्यालाच बोल लावला. तिथून त्याच्या डोक्यात मास्तर बसला.

मग आला नकाशा. सगळं वाटोळं त्या नकाशानं केलं असं मी बरीच वर्षं म्हणत होतो.

उन्हाळा तोंडावर होता. गावात आडाला पाणी नव्हतं. बायका गावाबाहेरच्या बारवेवरून पाणी आणायच्या. मास्तरनं सातवीच्या पोरापोरींना सांगितलं, गावाचा नकाशा करायचा. कसा? तर प्रत्येकानं एकेका पाणी आणणाऱ्या बाईच्या मागं चालायचं आणि बारवेपासून तिच्या घरापर्यंत तिची पावलं मोजायची. आपली नाही, तिची. शंभर झाली की खिशात एक चिंचोका टाकायचा.

पंधरा दिवस गावात हेच. बाई पुढं, मागं लेकरू ओठ हलवत. कुणी वाटेत बोललं की लेकरू खेकसायचं, ‘गप बस ना काकू, चुकलं ना!’ आमच्या घरी शाळेचं लेकरू नव्हतं, म्हणून शेजारची सुमन गयाच्या मागं चालली. गयाला बोलल्याशिवाय चालता येत नव्हतं. तिनं सुमनला इतकं बोलतं केलं की पोरगी घराच्या दारात येऊन रडायला लागली. मोजणी विसरली होती. तेव्हा गयानं घरात येऊन भरलेली घागर रांजणात रिकामी केली, आणि नुसत्या त्या पोरीच्या मोजणीसाठी परत बारवेवर गेली. त्या उन्हात. तोंडाला पदर लावून, मुकाट.

मी ओट्यावर बसून हे बघितलं होतं. मला राग आला. तोही तिच्या नादिष्टपणाचा. ती चालली, याचा नाही.

नकाशा शाळेच्या भिंतीवर चढला. गेरू, चुना आणि नीळ. पहिल्यांदा काढला तेव्हा पोरांनी बौद्धवाडा काढलाच नव्हता. मास्तरनं विचारलं, ‘हा कुठं गेला?’ पोरं म्हणाली, ‘सर, तो गावात न्हाई येत.’ मास्तरनं बादली घेतली आणि सगळी भिंत धुऊन काढली. ‘पुन्हा मोजा,’ म्हणाला. मग पोरं बौद्धवाड्यातल्या बायकांच्याही मागं चालली, त्यांच्या विहिरीपर्यंत. त्यावरून चार घरांत पोरांना मार बसला.

आणि घरावर नाव कुणाचं? बाईचं! जी पाणी आणते तिचं. अख्ख्या गावात एकाही पुरुषाच्या नावाचं घर नाही. सरपंचाचं घर म्हणजे ‘द्वारकाबाई’. माझं घर, माझ्या बापानं बांधलेलं, त्यावर ‘गयाबाई’, आणि पुढं आकडा, नऊशे चाळीस. गावठाणातल्या बायकांत सगळ्यात मोठा आकडा. लोक येऊन बघायचे आणि माझ्याकडं बघून हसायचे. ‘मारोतराव, लय चालवायलेत हो वहिनीला!’

त्याच सुमारास गावाला एक हापसा मंजूर झाला. कुठं बसवायचा, यावर ग्रामसभा ठरली. मास्तरचा नकाशा सांगत होता की चिंचेखाली. ती चिंच आमची गल्ली आणि बौद्धवाडा यांच्या बरोबर मध्ये. सगळ्यांची पावलं तिथं सारखी पडतात, असं मास्तर म्हणायचा.

आता खरं सांगतो. ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं का नाही, यावरून मराठवाडा पेटून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या गावात काही जळलं नाही, पण विझलंही नव्हतं. गावठाण आणि बौद्धवाडा, बोलणंचालणं बंद. त्या विद्यापीठाचं तोंड आमच्यापैकी एकानं पाहिलं नव्हतं, पण त्याच्या पाटीवर काय लिहावं याचा आम्हाला लय राग. असल्या दिवसांत एका हापशावर दोघांनी भांडी लावायची? पण असं तोंडानं कोण बोलणार? म्हणून सगळ्यांना दुसरं कारण पाहिजे होतं. ते कारण मी दिलं.

सरपंच माझ्या ओट्यावर आला. ‘मारोतराव, तुमच्या घरात राहून तुमचीच इज्जत काढायलाय तो. नऊशे चाळीस पावलं खरी का खोटी, तुमी तरी बघा की एकदा.’

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर गेलो आणि तिथून ताडताड घरी आलो. धोतराचा सोगा हातात, डोक्यात राग. सहाशे दहा. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. सहाशे दहा. मला असा आनंद झाला, जसा काही मी मास्तरला रंगेहाथ पकडला.

मारुतीच्या पारावर सभा भरली. मी आयुष्यात पहिल्यांदा सभेत उभा राहून बोललो. म्हणालो, ‘नकाशा खोटा हाय. मी सोता मोजलं. सहाशे दहा. लेकरांची पावलं बारकी, आकडा फुगणारच.’

मास्तर उठला. ‘लेकरांनी स्वतःची पावलं मोजली न्हाईत. बाईची मोजलीत.’

‘मग माझी बायको काय बुटकी हाय? चार बोटं कमी असंल माझ्याहून!’

पार हसला. मलाही चेव आला. मास्तर थांबला, हसणं सरू दिलं, आणि हळूच म्हणाला, ‘मारोतराव, भरली घागर डोक्यावर घेऊन चाला. मग आकडा सांगा.’

एवढंच म्हणाला तो. पण गड्याला, भर सभेत, डोक्यावर घागर घे म्हणाला. माझ्या कानशिलात आग पेटली. ‘मी काय बाई हाय का?’ म्हणून मी जो ओरडलो, ते ओरडणं मला अजून ऐकू येतं.

मग काय, काम सोपं झालं. नकाशा खोटा ठरला. हापसा सरपंचाच्या गोठ्यापुढं बसला. आणि मास्तर पोरांना बायकांच्या मागं फिरवतो, अशी एक तकरार लिहिली गेली. खाली पहिली सही माझी. बाकीचे अंगठे लावणारे. मला सही येत होती ना, चौथीपर्यंत शिकलेला मी!

गया देवळाच्या बाजूला बायकांत उभी होती. घरी आल्यावर ती भांडली नाही. भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, ‘तुमचं पाऊल लांब पडतंय.’

मला ती तारीफ वाटली. अकरा वर्षं मला ती तारीफच वाटत होती.

मास्तरची बदली जिंतूर तालुक्यात झाली. शाळेची भिंत चुन्यानं पांढरी झाली. जायच्या दिवशी तो अंगणात वळकटी घेऊन उभा राहिला. मला वाटलं, शिव्या देईल. तर म्हणाला, ‘मारोतराव, उत्तरेला निघालो.’ मी तोंड फिरवलं. कुठल्या दिशेला फिरवलं, ते त्यालाच माहीत. गयानं मात्र त्याच्या हातात भाकरी-पिठल्याचं गठुडं दिलं आणि एसटीपर्यंत सोडायला गेली.

हापशावर सरपंचाची म्हैस आधी पाणी प्यायची, मग त्याच्या घरचे, मग त्याच्या भावकीतले. उन्हाळ्यात दांड्याला साखळी. गया आणि गावातल्या अर्ध्या बायका पुन्हा बारवेवर. बौद्धवाडा त्यांच्या विहिरीवर. चिंचेखाली नुसती चिंच.

नामांतर आता झालं. पाटी बदलली. आकाश कोसळायचं होतं, ते कुठं कोसळलं? आम्ही एवढी वर्षं कशासाठी दात-ओठ खात होतो, हे कुणी मला सांगत नाही.

गया यंदा चैत्रात गेली. आधी मान धरली होती. गंगाखेडच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला आणि विचारलं, ‘बाबा, ह्या बाई डोक्यावर किती वर्षं ओझं वाहायच्या?’ मी म्हणालो, ‘ओझं कुठलं, डॉक्टर? नुसतं पाणी आणायची.’ त्यानं माझ्याकडं बघितलं आणि फोटो पाकिटात घातला. पुढं तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संपलं.

भेटायला माणसं यायची. ‘भाग्याची हो, कुंकवासकट गेली.’ एकीला मी हाकलून दिलं. पोरी म्हणाल्या, ‘दादा, असं करू नका.’ करू नका तर काय करू? कसलं भाग्य? माझ्यासारखा नवरा मागं राहिला, हे भाग्य?

तेराव्यानंतर पोरी सासरी गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी अंगणात छत्री घेऊन एक म्हातारा उभा. मिशी पिकलेली. दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणून आधी ओळखला नाही.

सुमन जिंतूरला दिली आहे. तिनं कळवलं होतं त्याला.

जोंधळे मास्तर अंगणात बघत होता. काठी होती. त्याच जागी. वाळवी लागली की गया नवी रोवायची, अकरा वर्षं. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. मास्तर काठीजवळ खाली बसला आणि सावलीच्या टोकावरचा खडा बोटानं चाचपत राहिला. मी पाण्याचा तांब्या आणला, तरी त्याची मान वर होईना.

मग पिशवीतून त्यानं खाकी कागदाची एक गुंडाळी काढली. तोच नकाशा. भिंतीवर चढायच्या आधी काढलेला. घडीवर फाटलेला, मागून चिकटवलेला. त्यावर ‘गयाबाई, ९४०’.

माझं टाळकं फिरलं. ‘काय दाखवायला आलात, मास्तर? तुमचं खरं निघालं हे? ती गेल्यावर? तवा दोन शब्द जास्त बोलला असतात तर? मला चार माणसांत मूर्ख म्हणला असतात तर?’

‘मी त्या दिवशी चुकलो,’ मास्तर म्हणाला. ‘सभेत बोललो ते इथं, ओट्यावर बोलाया पाहिजे होतं.’

‘मारोतराव, माझी आई पाथरीला चार घरचं पाणी भरायची. मी तिच्या मागं चालायचो. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या पाठीवर पडायचं, ते बघत.’ त्यानं नकाशा गुंडाळायला घेतला. ‘तवा मला शंभराच्या पुढं मोजता येत नव्हतं.’

किती गावांतून त्याची बदली झाली असेल आणि किती भिंतींवर त्यानं बायकांची नावं लिहिली असतील, हे मी विचारलं नाही. उठलो आणि आत गेलो. रांजणाजवळ घागर पालथी पडली होती. गया गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. चुंबळ सापडेना. मास्तरनं खांद्यावरचा पंचा काढला आणि गोल गुंडाळून माझ्या हातात दिला.

बारवेला पाणी होतं. मी पायऱ्या उतरलो, घागर भरली. वर येईपर्यंत धाप लागली. मास्तरनं हात लावून घागर डोक्यावर चढवली. मान अशी बसली की वाटलं, आत काहीतरी मोडलं. बारवेवरच्या बायका आमच्याकडं बघायला लागल्या. बघेनात का.

मी मोठ्यानं मोजायला लागलो. पाऊल पुढं टाकायला गेलो, तर लांब पडेचना. लांब टाकलं की घागर हलते, मान जाते. आपोआप बारकं पडायचं, घासत. एक वीत, दीड वीत. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. मास्तर मागं. तो मोजत नव्हता. नुसता चालत होता.

चिंच गेली. शाळा गेली. मारुतीचा पार आला, जिथं मी ओरडलो होतो. तिथं माझ्या तोंडून आलं, ‘सहाशे दहा.’

घर अजून दिसतही नव्हतं.

माझे पाय थांबले. पुढचा आकडा मला येईना. येत होता, पण तोंडातून निघेना. पाणी पाठीवर, डोळ्यांतही, काय कुठलं ते कळत नव्हतं.

मागून मास्तरचा आवाज आला, हळू.

‘सहाशे अकरा.’

मी पाऊल टाकलं.